गोट, गाइस, येट आणि माझी पंधरा सेकंदांची चूक

ज्यांना ऐकायला वेळ नाही, बसमध्ये इअरफोन विसरलात, किंवा ऑफिसात लपून वाचताय, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोललो तसंच ठेवलंय, फक्त ‘अं’, ‘म्हणजे’ आणि शेजारच्या मिक्सरचा आवाज काढून टाकलाय.

खरं सांगायचं तर हा भाग ठरलेलाच नव्हता. काही भागांपूर्वी जर्मन शिकणाऱ्यांच्या प्रश्नांवर बोलताना मी ओघात म्हणून गेलो, “आता बघा, जर्मनमध्ये बोकडाला म्हणतात ‘बॉक’, इंग्रजीत ‘बक’ आणि आपल्याकडे बोकड. एकच शब्द की हो!” एवढं बोललो आणि पुढे गेलो. कोणीतरी त्या पंधरा सेकंदांची रील केली. ती फिरत फिरत मावशीच्या ग्रुपवरून मलाच परत आली. खाली लिहिलेलं: ‘जगातल्या सगळ्या भाषा आपल्यापासूनच निघाल्या, आता जर्मन लोकांनीही मान्य केलं.’ कुठल्या जर्मन लोकांनी मान्य केलं? मी तर पुण्यात राहतो.

त्याच आठवड्यात म्यूनिकजवळ राहणाऱ्या एका श्रोतीची व्हॉइस नोट आली. ती म्हणाली, “दादा, बोकडाचं जाऊ दे. तुम्ही म्हणालात की जर्मनमध्ये शेळीला ‘त्सीगे’ म्हणतात. पुस्तकात तसंच आहे. पण माझ्या घरमालकीण आजी ‘गोआस’ म्हणतात. गोआस, गोट... हे काय प्रकरण आहे?”

म्हणून बसलो शोधायला. आणि निघालं काय, तर जे मी छातीठोकपणे सांगितलं ते चूक, आणि जे तिने सहज विचारलं त्यात सगळी गंमत. तर आज शेळी. म्हणजे शेळीचा शब्द, इंग्रजी, जर्मन, डच, स्वीडिश या सगळ्या बहिणींमध्ये. या भाषांच्या कुटुंबाला जर्मॅनिक म्हणतात. जर्मन त्यातली एक, आई नव्हे, हे आधीच सांगून ठेवतो.

आधी नुसते शब्द ऐका. इंग्रजी गोट. डच खेइट, लिहिताना ग लिहितात, पण डच लोकांचा ग घशातून ख होऊन येतो. डॅनिश गेद. आइसलँडिक गेइट. स्वीडिशमध्ये स्पेलिंग जी-ई-टी, पण म्हणतात ‘येट’, कारण तिथे ए-इच्या आधी आलेला ग मऊ होऊन य होतो. जर्मनीच्या दक्षिणेत, ऑस्ट्रियात, स्वित्झर्लंडमध्ये गाइस. आणि गॉथिक नावाची एक भाषा होती, आता मेलेली, तिच्यात चौथ्या शतकात बायबलचं भाषांतर झालं, त्यात गाइट्स.

गोट आणि गाइस शेजारी ठेवले तर पहिल्या ऐकण्यात कोणी म्हणणार नाही की हा एकच शब्द आहे. स्वर वेगळा, शेवटचं व्यंजन वेगळं. फक्त ग सारखा. एका ग वर नातं जोडायचं तर गवत आणि गाढवसुद्धा भाऊ-बहीण होतील. मग भाषेचे अभ्यासक कशावरून म्हणतात की हे सख्खे?

तर ते एका शब्दाकडे बघतच नाहीत. ते रांग बघतात.

इंग्रजीत दगड म्हणजे स्टोन. जर्मनमध्ये श्टाइन. घर, होम, जर्मन हाइम. हाड, बोन, जर्मन बाइन (आता त्याचा अर्थ पाय झालाय, पण शब्द तोच). ओकचं झाड, ओक, जर्मन आइखं. शपथ, ओथ, जर्मन आइट. दिसतंय का? इंग्रजीत ओ असेल तिथे जर्मनमध्ये आइ. एकदा नाही, दोनदा नाही, रांगेने. स्वीडिशमध्ये त्याच जागी ए येतो: स्तेन, हेम, बेन. मग गोटला जर्मनमध्ये काय हवं? गा-इ काहीतरी. स्वीडिशमध्ये? गेट. तसंच आहे.

आता शेवटचा ट. इंग्रजी वॉटर, जर्मन वासर. फुट, जर्मन फूस. ईट, जर्मन एसन. इंग्रजीत स्वरानंतर ट आला की जर्मनमध्ये स. साधारण सहाव्या-सातव्या शतकाच्या आसपास जर्मनीच्या दक्षिण भागात हा बदल सुरू झाला आणि उत्तरेकडे सरकत सरकत मध्येच थांबला. इंग्रजी, डच, स्वीडिश यांच्यापर्यंत तो पोचलाच नाही. म्हणून त्यांचा ट शाबूत, आणि गाइसचा स.

म्हणजे गोट, गाइस, येट यांच्यात जो फरक आहे, तोच फरक स्टोन, श्टाइन, स्तेन यांच्यातही आहे. नात्याचा पुरावा सारखेपणात नाही, फरकाच्या नेमकेपणात आहे. हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोनदा वाचावं लागलं. तुम्हीही पाहिजे तर परत वाचा, मी थांबतो.

आता त्या घरमालकीण आजींचं ‘गोआस’. ते म्हणजे गाइसच, बव्हेरियन बोलीतलं. त्या बोलीत जुना आइ स्वर ओआ झाला. श्टाइनचं तिथे ‘श्टोआ’ होतं, आणि घरी म्हणायचं तर ‘दाहोआम’. ऐका, होआम आणि होम! इंग्रजीने आणि बव्हेरियन बोलीने कोणी कोणाला न विचारता जवळजवळ एकाच दिशेला स्वर वळवला. म्हणजे आमच्या श्रोतीला जे साम्य ऐकू आलं, त्यातलं नातं खरं आहे, पण तो ओ मात्र योगायोग. त्या ओ वर विसंबून नातं जोडलं असतं तर उत्तर बरोबर आलं असतं आणि रीत चुकली असती. गणिताच्या पेपरात असे मार्क आम्हाला मिळाले नाहीत कधी.

पुस्तकातलं ‘त्सीगे’ मग कुठून आलं? तो वेगळाच शब्द. मध्य जर्मनीत तो चालायचा. मार्टिन लूथरने बायबल जर्मनमध्ये आणताना सोळाव्या शतकात तोच वापरला, आणि लूथरचं बायबल घरोघर गेल्यावर त्सीगे प्रमाण झालं. गाइस दक्षिणेकडे डोंगरात राहिली. ‘हायडी’ ही स्विस मुलीची गोष्ट वाचली असेल तर त्यातला शेळ्या राखणारा पेटर आठवा. मूळ जर्मनमध्ये त्याचं नावच ‘गाइसनपेटर’ आहे. आपल्याकडेही पुस्तकी शब्द एक आणि वाडीवरचा दुसरा असं असतंच की.

माझी आजी संगमनेरकडच्या एका गावात राहते. तिच्याकडे शेळ्या आहेत. मी फोन करून विचारलं, “आजी, सध्या किती आहेत गं?” म्हणाली, “सात.” मी म्हटलं, “दिवाळीत तर जास्त दिसल्या होत्या.” तर म्हणाली, “सात शेळ्या. दोन पाटी आहेत, त्या अजून व्यायल्या नाहीत. करडं तीन. आणि बोकड एक, तो बाजारात जायचाय.” म्हणजे तेरा जनावरं, पण ‘शेळ्या’ विचारल्यावर सात. माझ्यासाठी शेळी ही एक जात. तिच्यासाठी शेळी म्हणजे दूध देणारी, व्यायलेली मादी, बाकीच्यांची नावं वेगळी.

जुन्या इंग्रजीत अगदी हेच होतं. तेव्हा हा शब्द ‘गाट’ असा होता आणि त्याचा अर्थ फक्त मादी. नराला ‘बुक्का’. कोणी सगळ्यांना मिळून एक नाव देत नव्हतं, कारण पाळणाऱ्याला त्याची गरजच नसते. पुढे, बाराव्या-तेराव्या-चौदाव्या शतकांत, गाटचा गोट होत गेला आणि अर्थही पसरला. मग अडचण झाली, नर-मादी वेगळं सांगायचं कसं? म्हणून ‘ही-गोट’, ‘शी-गोट’ आलं, आणि फार नंतर ‘बिली गोट’, ‘नॅनी गोट’. तिकडे बुक्काचा ‘बक’ झाला आणि तो शेळ्यांचा कळप सोडून जंगलात गेला, म्हणजे नर हरणाला लागला. जर्मन बॉक मात्र अजून बोकडच, आणि गाइस अजूनही मुख्यतः मादीच.

जाता जाता: फुटचं अनेकवचन फीट, गूसचं गीस, तसं जुन्या इंग्रजीत गाटचं अनेकवचनही स्वर बदलून व्हायचं. ते टिकलं असतं तर आज आपण ‘वन गोट, टू गीट’ पाठ केलं असतं. सुटलो.

पिल्लाचा शब्द तर वायकिंग लोकांनी आणला. जुन्या इंग्रजीत करडाला ‘टिक्केन’ म्हणत. आजचा ‘किड’ हा उत्तरेकडच्या नॉर्स भाषेतून आलेला, मूळ अर्थ करडू. माणसाच्या पोराला तो नंतर चिकटला, आधी उनाड बोलण्यात, मग सगळीकडे. ‘किडनॅप’ सतराव्या शतकातला: किड म्हणजे पोर, नॅप म्हणजे हिसकावणं. तुमच्या शाळेच्या गेटवर ‘किड्स झोन’ लिहिलंय ना? करडांचा कोपरा.

बरं, हे जर्मॅनिक कुटुंबात झालं. त्याच्याही मागे गेलं तर?

इथे एक मोठा माणूस येतो आणि योगायोग असा की तो शेळ्यांच्या गोष्टीतूनच येतो. ‘लांडगा आणि सात करडं’ लहानपणी ऐकली असेल. आई बाहेर जाते, लांडगा आवाज बदलून येतो. ही गोष्ट ग्रिम बंधूंच्या १८१२ च्या संग्रहात आहे, आणि तिच्या जर्मन नावात करडांसाठी ‘गाइसलाइन’ हा शब्द आहे. त्या दोन भावांपैकी जेकब ग्रिम हा भाषेचा अभ्यासक होता. १८२२ मध्ये त्याने एक नियम मांडला, तो आजही त्याच्या नावाने ओळखला जातो. (डेन्मार्कचा रास्मुस रास्क याने १८१८ मध्येच त्यातलं बरंच सांगितलं होतं. पण नाव ग्रिमचं झालं. होतं असं.)

नियम काय, तर संस्कृत, लॅटिन, ग्रीक यांच्यात एक व्यंजन असेल तर जर्मॅनिक भाषांत त्याच्या जागी ठरलेलं दुसरं येतं. आपल्याला हा नियम शिकायला लॅटिन लागत नाही, मराठी पुरते. दोन: टू. दहा: टेन. दात: टूथ. द च्या जागी ट. संस्कृत पाद: फुट. प च्या जागी फ, आणि तिथेही द चा ट. संस्कृत हंस: इंग्रजी गूस, जर्मन गान्स. ह च्या जागी ग! हा ह पूर्वी घ सारखा होता; संस्कृतात आणि लॅटिनमध्ये तो ह झाला, जर्मॅनिकमध्ये ग.

आता गोट घ्या आणि उलटं चाला. ट च्या जागी द, ग च्या जागी ह. लॅटिनमध्ये असा शब्द हवा ज्यात ह आणि द आहेत. आहे: ‘हेदुस’. अर्थ? करडू. हे वाचताना मला खरंच टाळी वाजवावीशी वाटली, रात्रीचा एक वाजला होता म्हणून नाही वाजवली.

मग संस्कृतात? नियमाने तो ‘हेद’ किंवा ‘घेद’ असा काहीतरी दिसला असता. आणि असा शब्द संस्कृतात नाही. ग्रीकमध्ये नाही. जर्मॅनिक आणि लॅटिन, दोनच घरांत तो खात्रीने सापडतो.

हे विचित्र आहे. मेंढीचं बघा: संस्कृत अवि, लॅटिन ओविस, लिथुआनियन अविस, इंग्रजी ‘यू’ म्हणजे मादी मेंढी. सगळ्या घरांत एकच. शेळीचं मात्र जो तो वेगळा. संस्कृतात अज. (अजगर म्हणजे अजाला गिळणारा, शेळी गिळणारा. हे मला तिसाव्या वर्षी कळलं.) लिथुआनियन भाषेत ‘ओझिस’, तो अजचा नातेवाईक मानतात. लॅटिनमध्ये मोठ्या बोकडाला ‘कापेर’. आणि उत्तरेला गाइट. एवढं जवळचं जनावर, आणि कुटुंबाचा मिळून एक शब्द नाही.

याचं एक उत्तर जनावराच्या प्रवासात आहे. शेळी माणसाने माणसाळवली सुमारे १०,००० वर्षांपूर्वी, पश्चिम आशियात. इराणच्या झाग्रोस डोंगरातल्या गंज दरेह या जागी तिचे फार जुने पुरावे मिळालेत. उत्तर युरोपात रानात शेळी नव्हतीच. तुर्कस्तानच्या बाजूने शेती करणारी माणसं युरोपात गेली, तेव्हा शेळ्या हाकत गेली. आपल्या कुटुंबातल्या भाषा बोलणारे लोक तिथे त्यांच्यानंतर पोचले. त्यामुळे बऱ्याच अभ्यासकांचं म्हणणं असं की गाइट आणि हेदुसच्या मागचा शब्द आधीच्या शेतकऱ्यांकडून उसना घेतलेला असावा. त्या शेतकऱ्यांची भाषा कोणी लिहून ठेवली नाही. ती गेली, शब्द राहिला असेल.

काही जण आणखी पुढे जातात. हिब्रूमध्ये करडाला ‘गेदी’ म्हणतात, अरबीत ‘जदी’. मृत समुद्राच्या काठी ‘एन गेदी’ नावाची जागा आहे, म्हणजे करडाचा झरा. ग आणि द, अर्थ करडू, जागा पश्चिम आशिया. मोह होतो ना? काही अभ्यासकांनी हे नातं सुचवलंय, पण सगळ्यांनी मान्य केलेलं नाही. कारण इथे रांग मिळत नाही. एकटा शब्द मिळतो, आणि एकट्या शब्दाने मी एकदा तोंड भाजून घेतलंय.

तर आता माझं तोंड. बोकड आणि बॉक.

बॉक-बकला नियम लावून मागे नेऊ. संस्कृत भ च्या जागी इंग्रजीत ब येतो: भ्राता, ब्रदर. आणि संस्कृत ज च्या जागी क येतो: जन आणि ‘किन’, म्हणजे नातलग. जानु म्हणजे गुडघा आणि ‘नी’. इंग्रजी स्पेलिंगमधला तो न उच्चारला जाणारा क आठवा, जर्मन लोक अजून उच्चारतात, ‘क्नी’. तर बकचा संस्कृत भाऊ असता तर तो ‘भुज’ असा काहीतरी असता. भ आणि ज. बोकडमध्ये ब आणि क. म्हणजे तो जितका बकसारखा ऐकू येतो, तितकाच तो नात्यातून बाद होतो! सख्खा असता तर इतका सारखा दिसलाच नसता.

बोकडाची वाट आपल्याकडचीच आहे. प्राकृतात ‘बोक्कड’ असं रूप मिळतं. बकरीच्या मागे संस्कृत ‘बर्कर’. आणि शेळी ‘छागल’च्या कुळातली, म्हणजे छत्तीसगडकडे जी ‘छेरी’ म्हणतात तिची बहीण. संस्कृत छ चा मराठीत श किंवा स होतो, छुरीची सुरी होते तसा. हेही रांगेतलंच.

पण थांबा, बकचा खरा नातेवाईक तुम्ही ऐकलाय. बहुतेक हिंदी पिक्चरमध्ये, बहुतेक व्हिलनच्या तोंडून. फारसीत ज च्या जागी ज़ येतो: आपला जानु, त्यांचा ‘ज़ानू’. म्हणजे फारसीत ब-उ-ज़ असा शब्द हवा, अर्थ शेळी. आहे. ‘बुज़’. आणि ज्याचं काळीज शेळीचं तो... बुज़दिल! इंग्रजी बकचा भाऊ बोकड नाही, बुज़दिलमधला बुज़ आहे. रील करायचीच असेल तर याची करा, मी पाया पडतो.

अशी फसगत फक्त आपलीच होते असं नाही. जर्मनीत ‘बॉक’ नावाची कडक बियर मिळते, लेबलवर हमखास बोकड उडी मारताना. बोकडाचा आणि तिचा काही संबंध नाही. ती मुळात उत्तरेतल्या आइनबेक गावची. दक्षिणेत म्यूनिककडे त्या नावाचा उच्चार बिघडत बिघडत ‘आइन बॉक’ झाला, म्हणजे चक्क ‘एक बोकड’. लोकांनी ऐकलं, हसले, आणि लेबलवर चित्र काढलं. माझ्या रीलपेक्षा त्यांचं मार्केटिंग बरं.

अजून दोन-तीन गोष्टी राहिल्यात, पटकन सांगतो, कारण तुम्हाला त्या मित्रांवर फेकायला आवडतील.

पहिली: थॉर. मार्व्हलच्या २०२२ च्या पिक्चरमध्ये त्याच्याकडे दोन किंचाळणारे बोकड आहेत ना? ती मार्व्हलची आयडिया नव्हे. आइसलँडमध्ये तेराव्या शतकात लिहिलेल्या ‘एड्डा’मध्ये थॉरचा रथ दोन बोकडच ओढतात. रात्री तो त्यांना कापून खातो, हाडं कातड्यावर ठेवतो, आणि सकाळी हातोडा फिरवून त्यांना जिवंत करतो. एका पोराने मगज खायला एक हाड फोडलं, तर दुसऱ्या दिवशी एक बोकड लंगडत उठला. नळी चोखल्याशिवाय ज्यांचं मटण संपत नाही, त्यांना त्या पोराची बाजू पटेल. या बोकडांसाठी तिथे शब्द आहे ‘हाफर’. क च्या जागी ह, प च्या जागी फ: लॅटिन कापेरचा तो सख्खा भाऊ. आणि कॅप्रिकॉर्न म्हणजे मकर रास? कापेर अधिक कॉर्नू, म्हणजे शिंग. कॉर्नूचा क बदलून ह करा: हॉर्न. जुन्या इंग्रजीतही हा ‘हाफर’ सारखा शब्द होता. तो मेला.

दुसरी: बॅटमॅन. गॉथम! इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमशायरमध्ये या नावाचं खरं गाव आहे. ‘गाट’ अधिक ‘हाम’, म्हणजे शेळ्यांची वस्ती, आणि तिथले लोक अजूनही ‘गोटम्’ असंच काहीसं म्हणतात. हे गाव वेड्यांच्या गोष्टींसाठी प्रसिद्ध होतं, आपल्याकडे एखाद्या गावाच्या नावाने चुटके असतात तसं. म्हणून १८०७ मध्ये अमेरिकन लेखक वॉशिंग्टन अर्व्हिंगने न्यूयॉर्कची टिंगल करताना त्या शहराला ‘गॉथम’ म्हटलं. नाव चिकटलं, आणि कॉमिकवाल्यांनी बॅटमॅनला तिथे राहायला पाठवलं. अंधारात कोटाचं टोक उडवत उभा असलेला तो माणूस शेळवाडीचा राखणदार आहे.

इंग्लंडच्या उत्तरेचं गेट्सहेड हे शहरही गेटचं नाही, शेळीचं. बीड नावाच्या साधूने ७३१ मध्ये पूर्ण झालेल्या त्याच्या लॅटिन इतिहासात या जागेला सरळ ‘शेळीचं डोकं’ म्हटलंय. उत्तरेकडच्या बोलीत गाटचा गोट झाला नाही, त्यांच्याकडे स्टोनही ‘स्टेन’ आणि होमही ‘हेम’. परत तीच रांग!

आणि तिसरी, जिच्यामुळे तुमच्यातले निम्मे इथपर्यंत टिकलेत. मॅच संपली की ग्रुपवर शेळीची इमोजी पडते, आणि कोणाचे तरी काका विचारतात, “बकरी कोणाची हरवली?” ते गोट म्हणजे ‘ग्रेटेस्ट ऑफ ऑल टाइम’ची आद्याक्षरं. मुहम्मद अलीच्या पत्नीने १९९२ मध्ये याच अक्षरांच्या नावाची कंपनी काढली होती, आणि एलएल कूल जे या रॅपरचा २००० साली आलेला अल्बम त्या नावाचा होता. पण त्याआधी अमेरिकन खेळांच्या बोलण्यात ‘गोट’ म्हणजे ज्याच्यामुळे मॅच हरलो तो. ते आलं ‘स्केपगोट’वरून, आणि तो शब्द विल्यम टिंडेलने १५३० मध्ये बायबलच्या भाषांतरात घडवलेला. लोकांची पापं डोक्यावर ठेवून ज्याला रानात सोडून देतात तो बोकड. जर्मनमध्ये ‘झ्युन्डनबॉक’, पापाचा बोकड. आपला बळीचा बकरा. म्हणजे तुमचा आवडता खेळाडू सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वी अमेरिकेत असता आणि तुम्ही त्याला गोट म्हणाला असतात, तर भांडण झालं असतं.

तर, त्या जुन्या भागाचं काय? ऑडिओ मी कापलेला नाही. सुरुवातीला नवीन आवाजात सांगून ठेवलंय की अमुक मिनिटाला मी चुकलोय, खरं उत्तर या भागात आहे. रीलच्या खालीही कॉमेंट टाकली. त्या कॉमेंटला चार लाइक आहेत, त्यातला एक माझ्या बायकोचा. मावशीलाही फोन करून समजावलं. ती म्हणाली, “अरे पण ऐकायला किती सारखं वाटतं!” मी म्हटलं, “मावशी, तीच तर अडचण आहे.” ती म्हणाली, “बरं, मग हे नवीन पाठव, टाकते ग्रुपवर.” बुज़दिलचं पाठवलंय. बघू.

म्यूनिकच्या श्रोतीला उत्तर पाठवलं. तिने ते घरमालकीण आजींना ऐकवलं, म्हणजे जर्मनमध्ये सांगितलं. त्या म्हणाल्या म्हणे की गाइस हे स्विस लोकांचं, गोआस हेच बरोबर.

तुम्हाला एक काम. तुमच्या भागात व्यायला न लागलेल्या शेळीला काय म्हणतात, करडाला काय म्हणतात, आणि शेळ्यांना बोलवायची हाक काय आहे, ते मला पाठवा. कोकण, खानदेश, मराठवाडा, विदर्भ, गोवा, बेळगाव, सगळीकडचं चालेल. लिहून नको, आवाजात पाठवा. हाक लिहिता येत नाही.

माझ्या आजीलाही हे सगळं फोनवर सांगितलं होतं. गोट, गाइस, दहा हजार वर्षं, इराणचे डोंगर, थॉर. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मागून शेळ्यांचा आवाज येत होता. मग म्हणाली, “बरं. आणि त्या लोकांच्या शेळ्या एका वेताला किती करडं देतात?”